टोकियोतील भोजनगृहाची निवड : पाटी, पडदा आणि पदार्थनाम

१. प्रश्नाचे स्वरूप

मोठ्या शहरात कोठे जेवावे, हा प्रश्न वरवर पाहता रुचीचा आणि खर्चाचा दिसतो. परंतु ज्या शहराची भाषा व लिपी जेवणाऱ्याला पुरती अवगत नाही, तेथे तो सर्वांआधी वाचनाचा प्रश्न असतो. टोकियो हे याचे ठळक उदाहरण होय. मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेची टोकियोविषयक पहिली आवृत्ती २००७ साली निघाली, तेव्हा तिने शहरातील १५० भोजनगृहांना मिळून १९१ तारे दिले. या आकड्याची चर्चा जगभर झाली. पण नित्याच्या जेवणाची निवड अशा यादीवरून होत नसते. दुपारी बारा वाजता उएनो स्थानकाबाहेर पडलेल्या भुकेल्या माणसापुढे दारांची रांग असते, आणि प्रत्येक दारावर एक पडदा, एक कंदील, एक पाटी. त्यांतून दार निवडायचे ते पाटी वाचूनच.

या वाचनाला एक क्रम आहे आणि त्या क्रमामागे एक वर्गीकरण आहे. हे वर्गीकरण मराठी वाचकाच्या सवयीच्या वर्गीकरणाहून मुळातच वेगळे आहे. मुंबई-पुण्यातील भोजनगृहाची पाटी साधारणतः दोन गोष्टी सांगते : येथे काय मिळणार नाही, आणि येथील अन्न कोणत्या प्रदेशाचे वा समाजाचे आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ हे पद पहिल्या प्रकारचे. ‘मालवणी’, ‘कोल्हापुरी’, ‘उडुपी’, ‘इराणी’ ही पदे दुसऱ्या प्रकारची. टोकियोतील पाटी बहुधा या दोहोंपैकी कोणतीच गोष्ट आधी सांगत नाही. येथे कोणता पदार्थ करतात, एवढेच ती प्रथम सांगते. हा भेद ध्यानी न घेतल्यास निवड चुकते. आणि मत्स्यमांस वर्ज्य करणाऱ्याच्या बाबतीत ही चूक केवळ बेचव जेवणापुरती राहत नाही, ती त्याच्या व्रताला बाधते. म्हणून या वर्गीकरणाचा विचार थोडा विस्ताराने करणे इष्ट आहे.

२. ‘जपानी जेवण’ ही कोटी

लंडनमध्ये किंवा मुंबईत ‘जपानी भोजनगृह’ म्हणजे सुशी, तळणीचे तेम्पुरा, शेवया आणि भात हे सर्व एका छपराखाली देणारी जागा. टोकियोत असा शोध घेणे म्हणजे पुण्यात उभे राहून ‘मराठी जेवण कोठे मिळेल?’ असे विचारण्यासारखे होय. पुणेकर मिसळीला एका ठिकाणी जातो, थाळीला दुसऱ्या, भेळेला तिसऱ्या. कोटी जितकी व्यापक, तितकी ती निवडीच्या कामी निरुपयोगी, हा सामान्य न्याय येथेही लागू पडतो.

जपानी भाषेत या व्यापक कोटीला ‘वाशोकु’ असे नाव आहे. ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘शोकु’ म्हणजे अन्न. हे पद प्राचीन नव्हे. मेइजी काळात (१८६८–१९१२) पाश्चात्त्य अन्न देशात आले, त्याला ‘योशोकु’ म्हटले जाऊ लागले, आणि त्याच्याशी असलेला विरोध दाखविण्यासाठी ‘वाशोकु’ हे नाव रूढ झाले. दुसरे समोर उभे राहिल्याखेरीज स्वतःचे नाव ठेवण्याची गरज पडत नाही, या भाषिक व्यवहाराचा हा एक नमुना होय. २०१३ साली युनेस्कोने वाशोकुची गणना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली, त्यामुळे या शब्दाला जागतिक प्रतिष्ठा मिळाली. तथापि गल्लीतील पाटीवर तो क्वचितच दिसतो. मोठ्या विक्रीभांडारांच्या वरच्या मजल्यांवर आणि कुटुंबांसाठी चालविलेल्या साखळी भोजनगृहांत तो आढळतो. म्हणजे जेथे भिन्न रुचीची माणसे एकत्र जेवावयास येतात आणि सर्वांचे थोडेथोडे भागवावयाचे असते, तेथे. अशा जागेची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखादा पदार्थ त्याच्या उत्तम रूपात खावयाचा असेल, तर तो एकच पदार्थ करणाऱ्याकडे जावे, हा टोकियोचा संकेत आहे. तेव्हा निवडीची पहिली पायरी जागेची नसून पदार्थाची होय.

३. प्रत्यय आणि लिपी

पदार्थ ठरल्यावर पाटीवरील नाम वाचावयाचे. या नामांची रचना बहुतांशी पारदर्शक असते. ‘या’ हा प्रत्यय पदार्थनामाला लागला की त्या पदार्थाचे दुकान सिद्ध होते : सोबा-या म्हणजे सोबा शेवयांचे दुकान, सुशी-या म्हणजे सुशीचे, उनागी-या म्हणजे गोड्या पाण्यातील वाम माशाचे. मराठीतील ‘वाला’ या प्रत्ययाप्रमाणेच ‘या’ वस्तूलाही लागतो आणि ती विकणाऱ्यालाही. ‘इझाकाया’ हे नामही असेच फोडता येते : ‘इ’ म्हणजे बसून राहणे, ‘साका’ हे साके या मद्यनामाचे समासातील रूप, आणि शेवटी ‘या’. बसून मद्य पिण्याचे व सोबत लहान लहान पदार्थ खाण्याचे हे ठिकाण. दारावरचा तांबडा कंदील ही त्याची खूण होय.

‘साका’चे ‘झाका’ का होते, हे येथे पाहण्यासारखे आहे. जपानी समासात उत्तरपदाचे आद्य अघोष व्यंजन पुष्कळदा सघोष होते. म्हणून ‘सुशी’ हा शब्द ‘निगिरी-झुशी’, ‘काइतेन-झुशी’ अशा समासांत ‘झुशी’ होतो. संस्कृतातील ‘वाक् + ईश = वागीश’ या संधीची आठवण येथे होते. मात्र ‘झारु-सोबा’चे ‘झारु-झोबा’ होत नाही. कारण उत्तरपदात ‘ब’ हे सघोष व्यंजन आधीच आहे, आणि असे असता आद्य व्यंजन सघोष होत नाही. हा नियम बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याचा या विषयावरील लेख १८९४ साली प्रसिद्ध झाला. व्यावहारिक लाभ इतकाच की ‘सुशी’ आणि ‘झुशी’ ही दोन वेगळी खाद्ये नव्हेत, हे पाटी वाचणाऱ्याला उमगते.

अन्य प्रत्यय अधिक सूक्ष्म माहिती देतात. ‘आन’ म्हणजे पर्णकुटी किंवा लहान मठ. तो सोबाच्या दुकानांच्या नावांत वारंवार येतो, आणि परंपरा त्याचा संबंध जुन्या एदो नगरातील एका मठाशी जोडते, जेथील भिक्षू उत्तम सोबा करीत असे. ‘केन’ हा प्रत्यय पाश्चात्त्य व चिनी वळणाच्या जुन्या भोजनगृहांशी निगडित आहे. १९१० साली आसाकुसा भागात निघालेले ‘राइराइकेन’ हे रामेनच्या इतिहासातील प्रसिद्ध नाव याच प्रत्ययाचे. ‘तेइ’ म्हणजे मंडप. १८९५ साली गिन्झात सुरू झालेले ‘रेंगातेइ’ हे पाश्चात्त्य पदार्थांचे भोजनगृह त्या नावाने ओळखले जाते. अर्थात हे नियम नव्हेत, प्रवृत्ती होत. प्रत्ययावरून अनुमान करावे, निश्चय करू नये.

एकच शब्द कोणत्या लिपिचिन्हांनी लिहिला आहे, यातही अर्थ असतो. ‘सुशी’ हा शब्द पाटीवर तीन प्रकारे आढळतो. एका चिन्हात ‘मासा’ आणि ‘रुचकर’ हे दोन घटक एकत्र येतात. टोकियोतील परंपरागत वळणाच्या दुकानांना ते प्रिय आहे. दुसरे चिन्ह आंबवून टिकविलेल्या जुन्या प्रकारच्या सुशीशी आणि ओसाकाकडील परंपरेशी जोडलेले आहे. तिसरा प्रकार दोन चिन्हांचा असून त्यांचे शब्दशः अर्थ ‘दीर्घायुष्य’ आणि ‘अधिष्ठान’ असे होतात. अर्थाशी संबंध न ठेवता केवळ उच्चारासाठी, पण शुभ म्हणून निवडलेली ही चिन्हे सर्वसामान्य आणि स्वस्त दुकानांतही दिसतात. हातावर दाबून केलेली आजची निगिरी-झुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोत रूढ झाली, आणि तिचे श्रेय परंपरेने हानाया योहेइ या कारागिराला दिले जाते. पाटीवर ‘एदोमाए’, म्हणजे ‘एदोच्या पुढचे’, अर्थात एदोसमोरील उपसागराचे, असे पद असेल तर दुकान याच परंपरेचा दावा करीत आहे असे समजावे. फिरत्या पट्ट्यावरील काइतेन-झुशी मात्र ओसाकाकडची. तिचे पहिले दुकान १९५८ साली निघाले.

लिपीवरून शब्दाचे मूळ मात्र नेहमीच ओळखता येत नाही. ‘तेम्पुरा’ हा शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काचा वारसा मानला जातो, पण पाटीवर त्याचा पहिला अवयव ‘आकाश’ या अर्थाच्या चिन्हाने लिहितात आणि तो अस्सल देशी भासतो. पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागले. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमास पोहोचला. या एकाच दर्यावर्दी वाटेने पोर्तुगीजांचा भाकरीवाचक शब्द दोन्ही किनाऱ्यांवर उतरला. मराठीने त्याचा ‘पाव’ केला आणि जपानीने ‘पान’. मूळ शब्दाच्या अंत्य स्वरातील ओष्ठ्य अंश मराठीने राखला, अनुनासिक अंश जपानीने. पुढे इंग्रजी ‘कटलेट’चेही असेच झाले. मराठीत ते बटाट्याचे वा खिम्याचे कटलेट झाले, तर जपानीत ‘कात्सु’ होऊन ‘तोंकात्सु’ या समासात डुकराच्या मांसाच्या तळलेल्या तुकड्याचे नाव बनले. ओळखीचा शब्द ओळखीच्या पदार्थाची हमी देत नाही.

४. पडदा

दारावर टांगलेल्या कापडी पडद्याला ‘नोरेन’ म्हणतात. तो बाहेर टांगलेला असेल तर दुकान उघडे, आत घेतला असेल तर बंद. त्याच्या जोडीला बहुधा एक लहान फळी असते. तिच्यावर एका बाजूस ‘एइग्योचू’, म्हणजे ‘व्यवहार चालू’, आणि दुसऱ्या बाजूस ‘जुंबीचू’, म्हणजे ‘तयारी चालू’, असे लिहिलेले असते. या दुसऱ्या पदाचा शब्दार्थ आशादायक असला तरी व्यवहारातील अर्थ ‘बंद’ असाच आहे. गिऱ्हाइकाला सरळ नकार न देता कामात असल्याचे सांगणे, ही येथील शिष्टाचाराची रीत. पुष्कळ दुकाने दुपारच्या व रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळेत ही फळी उलटवितात. त्या वेळी दार ढकलून आत जाणारा नवखा माणूस आपल्याला अवमानाने परत पाठविले असे समजतो; वस्तुतः त्याने पाटीचा शब्दार्थ घेतला, संकेतार्थ घेतला नाही, एवढेच घडलेले असते. ‘काशिकिरी’ असे लिहिले असल्यास सर्व जागा एखाद्या मंडळीने आधीच घेतली आहे असे समजावे.

पडद्याला याहून खोल अर्थही आहे. ‘नोरेन’ या शब्दाने दुकानाची पत आणि परंपरा सूचित होते. दीर्घकाळ सेवा केलेल्या शिष्याला तेच नाव घेऊन स्वतंत्र दुकान काढण्याची अनुज्ञा देणे याला ‘नोरेन-वाके’, म्हणजे पडद्याची वाटणी, असे म्हणतात. त्यामुळे टोकियोत एकच नाव अनेक दारांवर दिसते आणि ती सर्व एकाच मालकाची असतीलच असे नाही; त्यांचे नाते घराण्याचे असू शकते. सोबाच्या बाबतीत ‘याबु’, ‘साराशिना’ आणि ‘सुनाबा’ ही तीन घराणी प्रसिद्ध आहेत. याबु म्हणजे झाडी. तिच्या शेवया रंगाने काहीशा गडद आणि सोबतचे बुडवण तिखटमिठाला कडक. साराशिना हे धान्याच्या आतल्या गाभ्याचे पीठ वापरून केलेल्या पांढऱ्या, नाजूक शेवयांशी जोडलेले नाव. सुनाबा म्हणजे वाळूची जागा, आणि तिचे मूळ ओसाकात सांगतात. ‘नि-हाची’, म्हणजे ‘दोन-आठ’, असे लिहिले असल्यास दोन भाग गव्हाचे आणि आठ भाग कुट्टूचे पीठ असा अर्थ. संगीतातील घराण्याचे नाव ऐकून श्रोता जसा गायकीची अपेक्षा करतो, तसेच काहीसे येथे होते.

५. किमतीची भाषा

दारातून आत गेल्यावर दुसरे वाचन सुरू होते. सुशीच्या दुकानात मागणीच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही क्रियापदांपासून साधलेल्या आहेत. ‘ओकिमारी’ म्हणजे ठरलेले : संख्या व किंमत आधीच निश्चित. ‘ओकोनोमी’ म्हणजे आवडीप्रमाणे : एकेक नग सांगून घ्यावयाचा. ‘ओमाकासे’ म्हणजे सोपविलेले : काय वाढावयाचे ते कारागीर ठरवितो. तिन्ही पदांच्या आरंभीचा ‘ओ’ आदरार्थी आहे. तो किमतीविषयी काही सांगत नाही. नवख्याने ओकिमारीपासून आरंभ करावा. तिच्यात खर्च आधी कळतो, आणि ‘नामी’ (साधे), ‘जो’ (वरचे), ‘तोकुजो’ (विशेष वरचे) अशी प्रत निवडता येते. उनागीच्या दुकानात हीच प्रतवारी पुष्कळदा ‘मात्सु’, ‘ताके’, ‘उमे’, म्हणजे पाइन, बांबू आणि जर्दाळूच्या जातीचे झाड, या तीन शुभ वृक्षांच्या नावांनी दाखवितात. बहुधा मात्सु सर्वांत महाग असते. पण फरक अनेकदा माशाच्या प्रमाणाचा असतो, गुणाचा नव्हे. उमे मागविणारा हलक्या प्रतीचा मासा खातो असे नाही. तो थोडा खातो. खालच्या पर्यायाला वृक्षाचे नाव दिल्यामुळे गिऱ्हाइकाला ‘कनिष्ठ’ असा शब्द उच्चारावा लागत नाही, हा या नामकरणाचा सामाजिक उपयोग होय.

किमतीच्या जागी ‘जिका’ असे लिहिले असेल तर ‘त्या वेळचा भाव’ असा अर्थ घ्यावा आणि मागणीपूर्वी भाव विचारावा. इझाकायात बसताच न मागता एक लहान वाटी पुढे येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात, आणि तिचा आकार देयकात धरला जातो. ही फसवणूक नव्हे, बैठकीचे मूल्य होय. बक्षिशीची प्रथा मात्र नाही. २०१९ पासून बसून खाण्यावर १० टक्के आणि बाहेर नेण्यावर ८ टक्के उपभोगकर आहे. २०२१ पासून करासहित एकूण किंमत दाखविणे दुकानदाराला बंधनकारक झाले. ज्याला हात राखून खर्च करावयाचा आहे त्याने ‘तेइशोकु’ हे पद शोधावे : भात, मिसोचे सार, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ असे हे ठरलेले ताट. रात्री महाग असणारी अनेक घरे दुपारी असे ताट पुष्कळ कमी दरात देतात. तेव्हा मोठ्या नावाच्या घराची ओळख दुपारी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

सुशीच्या कट्ट्यामागील कारागिरांची एक परिभाषाही आहे. भाताला ते ‘शारी’, वरच्या घटकाला ‘नेता’, सोयाच्या रसाला ‘मुरासाकी’ म्हणजे जांभळा, आणि चहाला ‘आगारी’ म्हणतात. ‘नेता’ हा ‘ताने’ म्हणजे ‘बी, मूळद्रव्य’ या शब्दाची अक्षरे उलटून केलेला शब्द आहे. परकीयाने हे शब्द जाणावेत, पण वापरू नयेत. ते धंद्याच्या आतल्या बाजूचे आहेत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी ते शोभत नाहीत. देयक मागताना ‘ओकांजो’ असे साधे पद पुरते.

६. मांस, मासा आणि ‘शाकाहारी’

आता या विवेचनातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळावयाचे आहे. पाटी पदार्थ सांगते, वर्ज्य काय ते सांगत नाही. आणि मराठी शाकाहारी माणसाला नेमके दुसरेच हवे असते.

पदार्थनामांची रचना येथे पुरेशी वाट दाखवीत नाही, उलट कधीकधी चकविते. ‘कित्सुने सोबा’ म्हणजे शब्दशः ‘कोल्हा सोबा’. पण त्यात कोल्हा नसून तळलेला तोफू असतो. टोकियोत ‘तानुकी’ या प्राण्याच्या नावाने मिळणाऱ्या शेवयांवर तेम्पुराच्या पिठाची तळलेली बुंदी असते. ओसाकात तेच नाव तळलेला तोफू घातलेल्या सोबाला आहे. उलट ‘साकुरा’ म्हणजे चेरीचे फूल, ‘बोतान’ म्हणजे एक शोभेचे फूल आणि ‘मोमिजी’ म्हणजे लाल झालेले पान, ही तीन सुंदर नावे अनुक्रमे घोडा, रानडुक्कर आणि हरिण यांच्या मांसाची आहेत. प्राण्यांची नावे निर्मांस पदार्थांना आणि वनस्पतींची नावे मांसाला, अशी ही अदलाबदल आहे. तिच्यामागे इतिहास आहे. ६७५ साली सम्राट तेम्मूने वर्षातील काही महिने गुरे, घोडे, कुत्रे, माकडे व कोंबड्या खाण्यास मनाई केली, आणि पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस दीर्घकाळ निंद्य मानले गेले. त्यामुळे ते खाणाऱ्यांनी आडनावे शोधली. एदोत रानडुकराच्या मांसाला ‘यामाकुजिरा’, म्हणजे ‘डोंगरातला देवमासा’, असेही म्हणत. चित्रकार हिरोशिगेच्या १८५८ सालच्या एका चित्रात या शब्दाची भलीमोठी पाटी दिसते. १८७२ साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तो निषेध अधिकृतपणे संपला.

या इतिहासाचा भाषेवर उमटलेला ठसा असा की ‘निकु’ या शब्दाच्या व्यवहारातील अर्थक्षेत्रात मासा येत नाही. मनाई चतुष्पादांना होती, माशाला नव्हती. म्हणून ‘निकु नको’ असे सांगणाऱ्यापुढे मासा ठेवला गेला तर वाढणाऱ्याने सांगितलेले ऐकले नाही असे नव्हे. त्याने ते आपल्या भाषेप्रमाणे अचूक ऐकले. ‘बेजितारिआन’ हा उसना शब्दही या कामी अपुरा पडतो, कारण पुष्कळांच्या मनात त्याचा अर्थ ‘भाज्या आवडीने खाणारा’ असा उमटतो.

याहून अवघड गोष्ट डोळ्यांना न दिसणारी आहे. बहुतेक जपानी स्वयंपाकाचा आधार ‘दाशी’ नावाचे पातळ सार आहे, आणि ते बहुधा कात्सुओ या, कोकणात कुपा म्हणतात त्या कुळातील माशाच्या वाळवून किसलेल्या तुकड्यांपासून आणि कोंबु या समुद्रशैवालापासून करतात. मिसोचे सार, शेवयांचे बुडवण, अंड्याची गुंडाळी, शिजविलेली भाजी, तळलेल्या तोफूवरील रस, या सर्वांत ते असू शकते. झारु-सोबाच्या शेवया धान्याच्याच असतात, पण त्या ज्यात बुडवून खावयाच्या त्या वाटीत मासा असतो. ही चव स्वयंपाक्याच्या दृष्टीने ‘मासा’ या कोटीत मोडतच नाही. पाण्याला पाणी म्हणावे तसे ते दाशीला दाशी म्हणतात. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातील रसायनज्ञ इकेदा किकुनाए यांनी कोंबुपासून तिच्यातील मूळ द्रव्य वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. या शोधाने एक गोष्ट स्पष्ट होते : ती चव माशाखेरीजही साधते.

म्हणून शाकाहाऱ्याचा प्रश्न वर्गवाचक नसून वस्तुवाचक असावा. ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमासु का’, म्हणजे ‘यात कात्सुओची दाशी आहे काय’, असे विचारणे फलदायी होते. आणि ‘निकु’, ‘साकाना’ (मासा) व ‘दाशी’ ही तिन्ही नावे स्वतंत्रपणे घेणे अवश्य आहे. पुरते निःशंक भोजन हवे असेल तर ‘शोजिन र्योरी’ हे पद शोधावे. बौद्ध मठांतून आलेल्या या पाकपद्धतीत सार कोंबु व शिताके अळंबी यांचे असते. मांसमासा तर नसतोच, पण परंपरेने कांदा, लसूण आदी पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. जैन वाचकाला हे जवळचे वाटेल. मात्र मुळा, रताळे व अन्य कंद येथे निषिद्ध नाहीत, हा भेद त्याने विसरू नये. टोकियो महानगराच्या पश्चिम टोकास ताकाओ डोंगरावरील याकुओ-इन या मंदिरात असे जेवण आधी सूचना देऊन मिळते. शहराच्या पूर्वेस एदोगावा विभागातील निशी-कासाइ येथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून तिच्यात मराठी भाषकही आहेत; नवख्या मराठी माणसाला हे प्रश्न प्रथम तेथे विचारता येतात.

७. पाटीच्या मर्यादा

पाटी वाचता आली म्हणजे निवड सिद्ध झाली असे मात्र मानू नये. उएनो आणि आसाकुसा यांच्या दरम्यान काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. तेथे भोजनगृहांना लागणारी सर्व सामग्री विकतात : भांडी, सुऱ्या, तसेच पडदे, तांबडे कंदील, लाकडी फळ्या, आणि दर्शनी काचपेटीत ठेवावयाच्या पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती. या प्रतिकृतींचा धंदा १९३२ साली ओसाकात इवासाकी ताकिझो यांनी उभा केला. प्रारंभी त्या मेणाच्या असत, आता कृत्रिम राळेच्या असतात. लिपी न जाणणाऱ्याला त्या मोठाच आधार आहेत; बोटाने दाखविले की काम होते. परंतु हे सर्व तेथे कोणालाही विकत मिळते. तेव्हा पडदा आणि पाटी दुकानाची जात सांगतात, गुण सांगत नाहीत. गुणाची साक्ष अन्यत्र शोधावी लागते : पदार्थांची यादी आखूड आहे काय, जवळच्या कचेऱ्यांतील माणसे दुपारी तेथे नेमाने येतात काय, आणि माल संपला म्हणून दुकान वेळेआधी बंद होते काय.

एवंच निवडीचा क्रम असा ठरतो. प्रथम पदार्थ ठरवावा. मग नाम, प्रत्यय आणि लिपी यांवरून दुकानाची जात ओळखावी. पडदा व फळी पाहून वेळ जाणावी. यादीवरील पदांवरून खर्च जाणावा. आणि जे वर्ज्य आहे ते पाटीवर न शोधता नाव घेऊन विचारावे. पहिल्या चार पायऱ्या वाचनाच्या आहेत, पाचवी संभाषणाची आहे. ती पाचवी अटळ ठरते, कारण टोकियोची पाटी कौशल्याचे वर्गीकरण करते आणि मराठी पाटी वर्ज्यावर्ज्याचे.

मराठी पाटीविषयीचे हे विधान मात्र अजून पडताळून पाहावयाचे आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, पणजी येथील खानावळी व उपाहारगृहे यांच्या पाट्यांवरील पदांचा पद्धतशीर संग्रह झाला, तर ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘स्पेशल’ या विशेषणांनी नेमके काय निषिद्ध व काय आश्वासित केले जाते हे तपासता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका उन्हाळ्यात करता येण्याजोगे हे क्षेत्रकार्य आहे, आणि त्यासाठी प्रवासखर्चही फारसा लागणार नाही.